पाणी इथपर्यंत आलं होतं: आपल्या गल्लीचा इतिहास दुकानात कसा लावायचा

पुण्यात नारायण पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात भिंतीवर निळ्या रंगाची एक आडवी रेघ आहे, बोटभर जाडीची, आणि तिच्या शेजारी एवढंच लिहिलंय: "१२ जुलै १९६१, बुधवार. पानशेत फुटलं त्या दिवशी पाणी इथपर्यंत." पानशेत म्हणजे पुण्याजवळचं धरण, ते फुटून शहरात पूर आला होता. ही रेघ आम्ही चार-पाच जणांनी मिळून काढली. तेव्हापासून कोणी ना कोणी विचारत असतं की आमच्या दुकानात, आमच्या खानावळीत असं काही करायचंय, सुरुवात कुठून करू? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतेय. उदाहरणं सगळी पुण्याच्या पेठांमधली आहेत कारण मला तेवढंच नीट माहितीय, पण पद्धत नाशिकच्या नाहीतर सोलापूरच्या दुकानालाही चालेल.

दुकानच का, हे आधी सांगते. म्युझियममध्ये माणूस शाळेच्या सहलीत एकदा जातो आणि मग एकदम पाहुणे आले की जातो, पण किराणा दुकानात तो आठवड्यातून तीनदा जातो आणि तिथे थांबतो. दळण होईपर्यंत गिरणीत थांबतो, नंबर लागेपर्यंत सलूनमध्ये बसतो, अमृततुल्यात चहा उकळेपर्यंत उभा राहतो, आणि ही जी दोन-पाच मिनिटं असतात ना, तीच आपली जागा. या वेळात तो मोबाईल बघतो, नाहीतर समोरची भिंत बघतो.

पहिलं काम: त्याच जागेची एकच गोष्ट निवडा

नव्याने करणारे जवळपास सगळे इथेच चुकतात. दुकानात इतिहास लावायचा म्हटलं की शनिवारवाड्याचा मोठा फोटो, खाली पेशव्यांची वंशावळ, झालं. ते चांगलंच आहे, पण ते कुठल्याही दुकानात लावता येईल, आणि जे कुठेही लागतं ते कोणी वाचत नाही. गिऱ्हाईक वाचतं ते "इथे" हा शब्द असलेलं. या ओट्यावर काय होतं, या चौकाला हे नाव का, या दुकानात आधी काय विकत होते.

पेठांमध्ये विषयांना तोटा नाही हो. काळा हौद, फडके हौद, साततोटी ही नावं आपण रिक्षावाल्याला रोज सांगतो, पण नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पाणी आणून ते शहरातल्या हौदांत सोडलं होतं आणि ही नावं त्या हौदांची आहेत, हे तिथे राहणाऱ्या मुलांना माहीत नसतं. हौदाच्या चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानाला याहून चांगला विषय कुठला मिळणार. पेठांची जुनी नावंही तशीच, शनिवार पेठ म्हणजे मुर्तजाबाद, रविवार म्हणजे मलकापूर, गुरुवार म्हणजे वेताळ पेठ. यातली काही नावं काहींना आवडत नाहीत, "कशाला ते" म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे, जे होतं ते लिहायचं, गाळायचं नाही आणि त्यावर शेराही मारायचा नाही.

मंडईत गाळा असेल तर बघा, ही इमारत १८८६ ची, गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणायचे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा मंडईवर एवढा पैसा घालू नका, तो शिक्षणावर घाला म्हणून त्यांनी विरोध केला होता, आणि आज मंडईला नाव त्यांचंच आहे. एवढं तीन ओळींत लिहून कांद्या-बटाट्याच्या गाळ्यावर लावलं तरी लोक थबकतात.

किराणा दुकान असेल तर फलकाच्याही आधी मापं बाहेर काढा. जुन्या दुकानात माळ्यावर हमखास पडलेली असतात. दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. ही ओळीने मांडून ठेवा, शेजारी डब्यात थोडे तांदूळ ठेवा आणि पोरांना ओतून बघू द्या. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅमची वजनं यायला लागली, हे शेजारी एका ओळीत लिहिलं की आजी नातवाला पुढचं स्वतःच सांगतात, तुम्हाला काही करावं लागत नाही.

मालकाशी बोलणं

सकाळी दुकान उघडताना जायचं नाही आणि संध्याकाळी सहा ते नऊ तर अजिबात नाही. दुपारी अडीच-तीनला पेठेतलं दुकान शांत असतं, बंद नसलं तर तेव्हा जा. फाईल, लॅपटॉप काही काढू नका. "काका, तुमचं दुकान कधीपासूनचं हो?" एवढं विचारलं की पुरतं. पहिल्या भेटीत फक्त ऐका. भिंत मागायची ती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, जी मला कोणी सांगितली नव्हती. पेठेतली कितीतरी दुकानं भाड्याची आहेत, जुन्या वाड्यांत आहेत, आणि मालक-भाडेकरू यांच्यात वर्षानुवर्षं केस चालू असते. तुम्ही हौसेने "या जागेत १९३८ पासून" असं लिहिता आणि तेच वाक्य उद्या कोणीतरी कोर्टात दाखवतं. एका ठिकाणी फलक छापून झाल्यावर दुकानदाराने हात जोडले, ताई हा लावू नका, आमची तारीख आहे पुढच्या महिन्यात. त्यांचं बरोबर होतं, आणि मी आधी विचारायला हवं होतं. त्यामुळे आता मी पहिल्याच आठवड्यात सरळ विचारते, जागा कोणाची, काही वाद आहे का, साल लिहिलेलं चालेल का. नाही म्हणाले तर साल गाळून गोष्ट सांगता येते. भिंत वाडामालकाची असेल तर त्यांनाही विचारायचं, आणि होकार मिळाला की एका कागदावर दोन ओळी लिहून सही घ्यायची. ओळखीतच आहे की, म्हणून हे टाळू नका.

माहिती कुठून काढायची

आधी दुकानातूनच. जुनी बिलबुकं, कीर्द-खतावणी, शॉप ॲक्टचं लायसन्स, दुकानाच्या नावाची छापील कॅलेंडरं, लग्नाच्या आहेरात नाव घालून दिलेली भांडी. भांड्यांवर नाव आणि तारीख कोरलेली असते, तो तर चालताबोलता कागदच आहे.

मग माणसं. पानशेतच्या वेळी दहा वर्षांचे असलेले लोक आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षी करू असं म्हणू नका. शिवाय त्यातले बरेच जण आता पेठेत सापडत नाहीत. पुरात घर गेलेली कितीतरी कुटुंबं गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा पूरग्रस्तांच्या वसाहतींत गेली, तिथे जाऊन भेटावं लागतं. फोनवर रेकॉर्डिंग करा, पण परवानगी घेऊन. आणि प्रश्न बारीक विचारा. "पूर कसा होता" विचारलं तर "फार भयंकर" एवढंच उत्तर येतं. "पाणी उतरल्यावर दुकानात पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा खाली काय होतं" असं विचारलं की माणूस थांबतो आणि मग चिखल, वास, फुगलेली ज्वारी, वाहून आलेलं दुसऱ्याच कोणाचं कपाट, सगळं येतं.

कागदासाठी पुण्यात नशीब आहे आपलं. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं. पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ चं. जुना केसरी चाळता आला तर उत्तम. १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर तीन भागांत आहे आणि त्यात पेठवार वर्णन आहे, ते इंटरनेटवरही सापडतं, ते आधी वाचा म्हणजे लोकांना काय विचारायचं ते कळेल. जागेची मालकी, क्षेत्रफळ वगैरे सिटी सर्व्हे ऑफिसच्या मालमत्ता पत्रकावर मिळतं. महापालिकेचे निळे फलक शहरात बऱ्याच ठिकाणी आहेत, तुमच्या गल्लीत आधीच एखादा असेल तर त्यावरचंच पुन्हा लिहू नका.

पडताळणी, म्हणजे खरं काम

त्या निळ्या रेघेचंच सांगते, कारण त्यात मी जितकं शिकले तितकं दुसऱ्या कशात नाही.

दुकानदार काकांनी सांगितलं, पाणी छातीपर्यंत होतं. आम्ही काकांच्या छातीची उंची मोजली, भिंतीवर पेन्सिलने खूण केली, आणि दुसऱ्या दिवशी रंग आणणार तेवढ्यात समोरच्या आजी आल्या आणि म्हणाल्या छे, गणपतीच्या फोटोच्या वर होतं, फोटो गेला ना आमचा. तिसरे एक आजोबा म्हणाले दोघांचंही चूक. तिघंही खरं सांगत होते, पण काका तेव्हा लहान होते आणि छाती कोणाची हे कोणी विचारलंच नव्हतं. शिवाय आम्ही मोजलं ते आजच्या फरशीपासून. मूळची शहाबादी तशीच ठेवून वर कोटा आणि कोट्यावर टाईल्स बसल्या होत्या, आणि बाहेर रस्ता तर दर डांबरीकरणाला चढतच गेलाय. जुन्या दाराच्या उंबऱ्याशी खणून बघितलं तर फरशी सहज वीतभर वर आलेली.

मग मागच्या वाड्यात एक लाकडी खांब सापडला. त्यावर एक गंजलेला खिळा होता आणि घरातल्या सगळ्यांना माहीत होतं की पाणी उतरल्यावर आजोबांनी ओल्या डागाच्या रेघेवर तो ठोकलाय. घरच्यांनी साठ वर्षं तो काढू दिला नव्हता. आता ही उंची मागच्या वाड्यातून पुढच्या दुकानात आणायची कशी? गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी वापरली. पारदर्शक पाईप, पाऊण पाणी भरलेलं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक खिळ्याशी धरायचं आणि दुसरं दुकानात, दोन्हीकडे पाणी एका पातळीला येतं. बोळातून, संडासाच्या मागून, जिन्याखालून तो पाईप आणला आणि दुकानात पाणी स्थिर झालं ते आमच्या पेन्सिलच्या खुणेच्या जवळपास दोन फूट वर. काका काही बोलले नाहीत, नुसते त्या पाण्याकडे बघत उभे राहिले, मग गल्ल्यामागचं स्टूल पुढे ओढून बसले.

त्यामुळे नियम असा धरा: एकट्या आठवणीवर कुठलीही उंची, आकडा किंवा तारीख भिंतीवर चढवायची नाही. दोन वेगळ्या वाटांनी तेच आलं तर लिहा. एकानेच सांगितलं असेल आणि गोष्ट चांगली असेल तर "असं या गल्लीतले जुने लोक सांगतात" असं लिहा, त्यात कमीपणा नाही. पानशेतमध्ये किती माणसं गेली हा आकडा मी कधीच फलकावर घालत नाही, कारण तो प्रत्येक ठिकाणी वेगळा येतो. त्या दिवशी सकाळी पानशेत फुटलं, दुपारी खडकवासल्याचं धरणही गेलं, पाणी लकडी पुलावरून वाहिलं, एवढं पक्कं आहे आणि एवढं पुरतं. आणि हो, नळीची युक्ती एका गल्लीपुरतीच, नदीच्या पुराला उतार असतो, नारायण पेठेतली खूण डेक्कनला नेऊ नका.

लिहायचं कसं

साठ-सत्तर शब्द, जास्त नाही. दळण संपायच्या आत वाचून झालं पाहिजे. पहिल्या वाक्यात जागा आणि साल, दुसऱ्या-तिसऱ्यात काय झालं, शेवटी आज बघता येईल अशी एखादी खूण, म्हणजे वाचणारा मान वळवून ती शोधतो. "ऐतिहासिक वारसा लाभलेल्या", "सुवर्णाक्षरांनी" असले शब्द काढून टाका. पुराच्या फलकाचा आमचा पहिला मसुदा होता, "पुण्यनगरीवर कोसळलेल्या त्या भीषण जलप्रलयाची साक्ष देणारी ही वास्तू". शेवटी राहिलं, "बाकी भांडी वाहून गेली, तांब्याचा हा बंब चिखलात रुतला म्हणून राहिला", आणि खाली खरोखर तो बंब ठेवलाय. लिहून झालं की दुकानातल्या पोऱ्याला मोठ्याने वाचायला द्या, तो जिथे अडखळेल तिथे वाक्य तोडा.

भाषा मराठी तर हवीच, खाली लहान अक्षरात हिंदी नाहीतर इंग्रजी दिलंत तर पेठेत रूम घेऊन राहणाऱ्या बाहेरगावच्या विद्यार्थ्यांनाही कळतं, आणि तेही गिऱ्हाईकच आहेत.

छपाई आणि जागा

- ए-थ्री आकार बहुतेक दुकानांना पुरतो. मजकूर ३० पॉइंटच्या खाली नको, मथळा ८० च्या वर ठेवा.
- पाच एमएम सनबोर्डवर (फोमची हलकी पाटी) व्हिनाईल आणि वर मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी घेतलं तर ट्यूबलाईट त्यातच दिसते आणि अक्षरं दिसत नाहीत. फ्लेक्स नको, तो वाढदिवसाचा बोर्ड वाटतो.
- खानावळीत आणि भज्यांच्या दुकानात तेलाची वाफ बसते, तिथे ॲक्रिलिकच्या मागे लावा म्हणजे फडक्याने पुसता येतं.
- फलकाचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर. सलूनमध्ये माणूस बसलेला असतो, तिथे चार फूट. आरशासमोरच्या भिंतीवर लावू नका, अक्षरं उलटी दिसतात.
- डबल टेप चुन्याच्या भिंतीवर पहिल्या पावसाळ्यात सुटतो. स्क्रू मारा, पण जुन्या वाड्याच्या लाकडाला भोक पाडण्याआधी विचारा.

छपाईवाल्याकडे एक हमखास घोटाळा होतो. तुम्ही युनिकोडमध्ये टाईप करून पाठवता, तो जुन्या कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, पेस्ट करतो आणि जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. स्क्रीनवर घाईत कळत नाही. म्हणून पीडीएफ पाठवा आणि साध्या कागदावर प्रूफ काढून घेऊन घरी जाऊन वाचा, काउंटरवर उभं राहून नाही.

मूळ फोटो कधीही, कधीही दुकानात लावू नका. उजेडाने उडतात, ओल लागते आणि वाळवी तर आहेच. स्कॅन करा, लहान फोटो ६०० डीपीआयला, आणि मूळ फोटो त्याच दिवशी घरच्यांच्या हातात परत द्या. लॅमिनेट करून देऊ का असं कोणी विचारलं तर नको म्हणा, त्याने जुना फोटो कायमचा खराब होतो.

परवानग्या

दुकानाच्या आत लावलंत तर मालकाची परवानगी पुरते. बाहेर रस्त्याच्या बाजूला लावायचं असेल तर महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागात, म्हणजे बाहेरच्या बोर्डांचं बघणाऱ्या विभागात, चौकशी करा, आणि इमारत वारसा यादीत असेल तर दर्शनी भागाला हात लावण्याआधी तिथेही विचारा. फोटोच्या हक्काचं साधं गणित असं की फोटोवर तो काढणारा हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो. त्यामुळे १९६१ च्या पेपरात छापून आलेले पुराचे फोटो त्यातून बाहेर पडलेत असं धरून चालू नका, आधी विचारा, आणि पेपरचं नाव आणि तारीख खाली लिहाच. घरगुती अल्बममधल्या फोटोसाठी घरच्यांची लेखी परवानगी घ्या, आणि फोटोत अजून हयात असलेली माणसं असतील तर त्यांनाही दाखवा. पुरात घर गेलेल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं, फोटो लावा पण माझं नाव नको. नाव काढलं.

लावल्यानंतर

फलकाखाली एक वही टांगा, दोरीला पेन बांधून. पहिला आठवडा फक्त पोरांची नावं आणि बदाम येतील, येऊ द्या. मग कोणीतरी लिहितं की आमच्या आईला याच बोळातून पाठीवर घेऊन बाहेर काढलं, आणि खाली फोन नंबर. तो नंबर आपल्याकडे उतरवून घेऊन ते पान लगेच काढून ठेवा, नंबर दुकानात लोंबकळत ठेवू नका. चूक दाखवणाराही येतो. त्याच्याशी वाद घालू नका, त्याच्याकडचा कागद बघा, आणि तो बरोबर असेल तर फलक बदला. पाच-सातशे रुपयांसाठी चुकीचं वर्षभर भिंतीवर ठेवू नये.

सगळ्याची एक प्रत दुकानाबाहेर हवी, म्हणजे स्कॅन, रेकॉर्डिंग, मजकूर, सगळं पेन ड्राइव्हवर घालून दुकानदाराला एक, स्वतःकडे एक, जमलं तर जवळच्या वाचनालयाला एक. वाडे भराभर पडतायत. १८४८ ला मुलींची शाळा जिथे भरली तो भिडे वाडासुद्धा, ज्याच्या खाली दुकानं होती आणि माणसं सहज येत-जात होती, डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला, स्मारकासाठी पाडला हे खरं, पण ती भिंत गेली ती गेली. वाडा रिडेव्हलपमेंटला जायची चर्चा सुरू झाली की त्याच आठवड्यात जा, मोजमापं घ्या, फोटो काढा, आणि नव्या इमारतीत फलक कुठे लागेल हे तेव्हाच दुकानदाराशी बोलून ठेवा.

आणि दरवर्षी दसऱ्याच्या आधी, दुकानाचं रंगकाम निघायच्या आधी, एक चक्कर मारा. आमची रेघ एकदा रंगाऱ्याने अगदी मन लावून, दोन हात देऊन झाकून टाकली होती. पुन्हा काढता आली ती एवढ्याचसाठी, की शटरच्या वरच्या पट्टीपासून रेघ किती इंच खाली आहे हे काकांनी त्यांच्या रोजमेळाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं, आणि आता वही बदलली की तो आकडा ते आधी नव्या वहीत उतरवतात, श्री लिहून झालं की लगेच त्याखाली.